सोळा लेव्हलच्या मागं लागू नका दादा, आधी बसून ओढून बघा

प्रश्न : ताई नमस्कार. सेलूला माझं मेडिकल आहे. वय ४४, उंची पाच फूट अकरा इंच, वजन ९२ किलो. रोज बारा तास काउंटरमागं उभा असतो, गुडघे दुखायलेत. डॉक्टर म्हणले पळणं बंद करा, रोइंग मशीन, म्हणजे बसून वल्हं मारल्यासारखं ओढायचं मशीन, घेता आलं तर बघा. घ्यायचं ठरवलं तर डोकं चक्रावून गेलं. संभाजीनगरच्या दुकानदारानं मॅग्नेटिक दाखवलं, म्हणला सोळा लेव्हल आहेत, आठवाल्यापेक्षा डबल व्यायाम. पुण्याचा मेव्हणा म्हणतो पाण्याचंच घे. जिमवाला मित्र म्हणतो हवेचं सोडून दुसऱ्या कशाला हात लावू नको. चुलतभाऊ त्याच्याकडचं हायड्रॉलिक चार हजारात द्यायला तयार आहे. मशीन मी अन् पोरगा वापरणार, ते वरच्या खोलीत राहणार, खाली आई-वडील झोपतात, आणि मला वेळ पहाटे पाचलाच मिळतो. बजेट चाळीस हजार. वडील म्हणायलेत दुधना नदीत पाणी नाही अन् तू घरात वल्हं मारणार का. काय घेऊ?

उत्तर : दादा, आधी हे लेव्हलचं भूत डोक्यातून काढू, कारण बाकीचा सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय. ओढताना मशीन जे अडवतं त्याला रेझिस्टन्स म्हणतात, आणि दुकानदारानं तुम्हाला रेझिस्टन्स म्हणजे वजन असं समजावलंय, म्हणजे जिममधल्या डंबेलसारखं, आठ किलोचं उचललं तर आठ आणि सोळाचं उचललं तर सोळा. रोइंग मशीन तसं चालतच नाही.

तुम्ही आडातून पोहरा ओढलाच असेल लहानपणी. भरलेला पोहरा हळू ओढा नाहीतर भराभरा ओढा, वजन तेवढंच, हाताला कळतं किती आहे ते. आता दुसरं आठवा, उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलात तेव्हाचं. पाण्यातून हात हळू फिरवला तर पाणी आहे का नाही तेही कळत नाही, जोरात मारला की पाणी असं अडवतं की खांद्यापर्यंत जाणवतं. पाणी तेच, हात तोच, फक्त तुम्ही जोर केला म्हणून त्यानं जोर केला. रोइंग मशीन हे दुसऱ्या प्रकारचं आहे, पोहऱ्यासारखं नाही. रेझिस्टन्स तुमच्या पायातून येतो, लेव्हलचा नॉब फक्त ठरवतो की वल्हवायची नाव हलकी वाटेल का जड. म्हणून सोळा लेव्हल म्हणजे डबल व्यायाम हे साफ चूक आहे. चारवर ठेवून पायानं दणकून ढकलणारा माणूस सोळावर ठेवून झुलत बसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घाम काढतो. शिवाय या लेव्हलला काही सरकारी माप नाही, एका मशीनची आठवी दुसऱ्याच्या सोळाव्यापेक्षा जड असू शकते, तेच अंतर कुणी आठ पायऱ्यांत कापलंय कुणी सोळा.

आता चारही प्रकार बघू, पण तुमच्या घरच्या हिशोबानं.

हायड्रॉलिकपासून सुरू करते कारण त्याच्यात पैसे आधी जातील अशी भीती आहे, चार हजार म्हणजे फुकटच वाटतं माणसाला. मोटरसायकलचा मागचा शॉकअप असतो ना, तेच ते. नळकांड्यात तेल, आत दट्ट्या, तेल बारीक भोकातून जाताना अडतं आणि तोच तुमचा रेझिस्टन्स. मशीन छोटं, खाटेखाली जातं, आवाज जवळजवळ नाही, वीज लागत नाही, एवढे गुण खरे आहेत. पण ते सतत चाललं की तेल तापतं, तापलं की पातळ होतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी हँडल सैल पडल्यासारखं लागतं, नेमकं तुमचं अंग गरम झालेलं असतं तेव्हाच. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर खोलीच आधी तापलेली. आणि त्याच्यात फिरणारं जड चाक नाही, त्यामुळं ओढणं थांबवलं की सगळं जागच्या जागी मेलं, नाव पुढं सरकत राहिल्याची जी लय असते ती येतच नाही. वर बऱ्याच मशीनचा स्ट्रोक, म्हणजे एक ओढ, आखूड असतो, तुमच्यासारख्या उंच माणसाचे पाय पूर्ण सरळच होत नाहीत, मग सगळा भार हातावर आणि कमरेवर. रोइंगमध्ये निम्म्याहून जास्त काम पायांचं असायला पाहिजे, तेच यात हुकतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. नांदेडला माझी छोटी व्यायामशाळा आहे, बायकांची सकाळची बॅच घेते, सुरुवातीला पैसे कमी म्हणून असंच एक हायड्रॉलिक घेतलं होतं. वर पत्रे, दिवस उन्हाळ्याचे. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी फरशीवर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला, पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग बोट लावून बघितलं तर तेल. डाव्या बाजूचा पिस्टन गळायला लागला होता, त्यामुळं डावा हात हलका उजवा जड, एकीची मान अवघडली चार दिवस. ज्याच्याकडून घेतलं तो म्हणला वापर जास्त झाला. व्यायामाचं मशीन आणि वापर जास्त झाला म्हणे, मला आजही राग येतो त्याचा. मशीन भंगारात गेलं. भावाला प्रेमानं नाही म्हणा, दादा.

हवेचं मशीन. तुमचा जिमवाला मित्र खोटं बोलत नाही, जगभरच्या इनडोअर, म्हणजे मशीनवरच्या रोइंगच्या स्पर्धा ज्याच्यावर होतात ते हवेचंच. कॉन्सेप्ट टू नावाच्या अमेरिकन कंपनीचं ते मशीन, ड्राइसिगाकर आडनावाच्या दोन भावांनी १९८१ मध्ये पहिलं बनवलं, आणि त्याच्यात चाक कशाचं होतं सांगू, सायकलचं. चाकाला पाती, पाती हवा कापतात, तुम्ही जोर केला की हवा जास्त अडवते. यात एक गणित आहे ते समजून घ्या, कारण पाण्याच्या मशीनलाही तेच लागू आहे. वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट नाही, आठपट लागते. त्या मशीनच्या मॉनिटरवर ५०० मीटरला किती वेळ ते दिसतं. अडीच मिनिटाची गती ठेवली तर तुम्ही साधारण १०४ वॉट काढता, दोन मिनिटाची ठेवली तर २०३. फक्त तीस सेकंद कमी करायला मेहनत जवळजवळ डबल! डबल व्यायाम इथं आहे बघा, नॉबवर नाही.

त्याच्या चाकाच्या कडेला एक खटका असतो, डँपर म्हणतात, एक ते दहा. जिममध्ये आलेला प्रत्येक नवा पोरगा पहिल्या दिवशी तो दहावर टाकतो, आणि चार दिवसांनी कंबर धरून बसतो. दहावर म्हणजे जड बोजड नाव, तीन-चारवर म्हणजे हलकी पळणारी नाव, सायकलचा गिअर असतो तसं. स्वतः कंपनीही बहुतेकांना तीन ते पाचच्या मध्ये ठेवायला सांगते. आणि त्यातला मॉनिटर प्रत्येक स्ट्रोकला हवा किती अडवायलीय ते मोजून हिशोब करतो, म्हणून सेलूत काढलेले दोन हजार मीटर आणि लंडनमध्ये काढलेले दोन हजार मीटर एकाच मापात बसतात. मला ही गोष्ट फार आवडते.

पण तुमच्या घरी? प्रत्येक स्ट्रोकला कूलर फुल्लवर टाकल्यासारखा घोंघावतो, मिनिटाला बावीस-चोवीस वेळा, पहाटे पाचला, खाली म्हातारं माणूस झोपलेलं. आठवड्याच्या आत तुम्हीच मशीनवर बसायचं टाळाल. किंमतही लाखाच्या वर जाते, बजेटच्या बाहेर. आणि आपल्याकडची धूळ तुम्हाला माहितीय, फेब्रुवारीपासून खिडकीच्या पडद्यात माती साचते, हे चाक तीच हवा आत ओढतं, जाळीत धूळ बसते, अधूनमधून उघडून साफ करावं लागतं, चेनला पन्नास तासांच्या वापरानंतर तेल द्यावं लागतं. हे सगळं आनंदानं करणाऱ्याला हवेच्या मशीनसारखं दुसरं नाही. तुमच्या पोराला पुढं यात खरंच गोडी लागली आणि खाली बाजूला खोली निघाली, तर तेव्हा विचार करा.

पाण्याचं मशीन मेव्हण्याला का आवडतं ते कळतं मला. लाकडी फ्रेम, पारदर्शक टाकी, आत पाती, ओढलं की सळ्ळ असा आवाज, डोळे मिटले तर खरंच धरणावर बसल्यासारखं वाटतं. ओढ एकदम गुळगुळीत, झटका नाही, गुडघ्याला आणि खांद्याला प्रेमळ. खालच्यांना त्रास हवेच्या मशीनपेक्षा बराच कमी. नॉब नसतो, टाकीत पाणी जास्त भरलं की नाव जड, कमी केलं की हलकी, पण रोज कुणी पाणी काढत-घालत बसत नाही, एकदा ठरवलं की तेच. तुम्ही जोर केला तर तुम्हाला जड, मुलानं हळू ओढलं तर त्याला हलकं, एवढं पुरतं.

आता यातलं आपल्या गावाचं दुखणं ऐका. वॉटररोअर कंपनीच्या मशीनसारख्या टाकीत साधारण सतरा लिटर पाणी मावतं, म्हणजे वीस लिटरच्या एका जारमध्ये काम झालं. जारच वापरायचा, बोअरचं पाणी चुकूनही नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गिझरची कॉइल आणि नळाची तोटी कशी पांढरी होते ते रोज बघतो आपण, तोच क्षार टाकीच्या आतून बसला की मग ती आतून घासायला हात पोचत नाही. दुसरं म्हणजे ऊन. टाकीवर ऊन पडलं की पाणी हिरवं व्हायला लागतं, रांजणाच्या बाहेर शेवाळ धरतं तसं, त्यासाठी ठरावीक महिन्यांनी क्लोरीनची गोळी टाकावी लागते. हे कष्ट काही फार नाहीत. माझी खरी अडचण किंमत आणि दुरुस्ती, चांगलं लाकडी मशीन तुमच्या चाळीस हजारात बसणं अवघड, आणि स्वस्तातलं घेतलं अन् टाकीचं सील गेलं तर तो पार्ट सेलूत कुठून आणणार तुम्ही? पाणी खालच्या स्लॅबला उतरलं तर वडिलांचं ते दुधनेचं वाक्य रोज ऐकावं लागेल.

उरलं मॅग्नेटिक. हे कसं चालतं ते सांगते, कारण ते समजलं की भीती जाते. घराबाहेरच्या भिंतीवर पूर्वी तो काळा लाइटचा मीटर असायचा ना, काचेतून एक चकती फिरताना दिसायची, कडेला खूण असलेली, आपण लहानपणी मोजत बसायचो फेऱ्या. ती चकती अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिच्या काठाला एक लोहचुंबक न टेकता धरलेला असायचा, तिला आवरायला. धातू चुंबकाजवळून फिरला की धातूच्या आतच विजेचे भोवरे तयार होतात आणि ते त्याला मागं खेचतात. मॅग्नेटिक रोइंग मशीनमध्ये हेच, मीटरच्या चकतीऐवजी जड चाक आणि तुमचा नॉब फिरला की चुंबक चाकाच्या जवळ नाहीतर लांब जातो. कुठंच काही घासत नाही, म्हणून आवाज नाही आणि झीजही नाही. जोर केला की रेझिस्टन्स वाढतो यातही, पण हवेसारखा आणि पाण्यासारखा चढत जात नाही, जरा सपाट वाटतो. कॉलेजात होडी चालवलेल्या माणसाला ते खटकेल. गुडघे सांभाळून रोज अर्धा तास घाम काढायचा आहे अशा मेडिकलवाल्याला अजिबात खटकणार नाही.

तर माझं उत्तर, मॅग्नेटिक घ्या. पण सोळा लेव्हलचं म्हणून नाही, तुमचं घर तसं आहे म्हणून. पहाटे पाचला खालच्यांची झोप न मोडता बसता येतं, ही एक गोष्ट बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा मोठी आहे, कारण वापरात असलेलं साधं मशीन हे कपडे वाळत घातलेल्या भारी मशीनपेक्षा शंभर पटीनं बरं.

त्यात हातानं फिरवायच्या नॉबचंच बघा. बटणावर लेव्हल बदलणारी काही मशीन अ‍ॅडॉप्टरवर चालतात, आणि लाइट पहाटे कवा जाईल याचा आपल्याकडं भरवसा नाही. नॉबवाल्याच्या मॉनिटरला सेल पुरतात, ते बंद पडले तरी मशीन चालूच राहतं.

दुकानात गेल्यावर लेव्हल विचारूच नका, सीटवर बसा. चप्पल काढून पाय फूटप्लेटवर ठेवा, पट्टे आवळा आणि हळूच मागं सरका, पाय पूर्ण सरळ होईपर्यंत. पाच फूट अकरा म्हणजे तुमचे पाय लांब, स्वस्त मशीनची रेल, म्हणजे सीट सरकते ती पट्टी, आखूड असते, सीट मागच्या टोकाला ठक्कन आपटली आणि गुडघा अजून वाकलेलाच असला तर ते मशीन तिथंच सोडून या, कितीही डिस्काउंट देऊ द्या. सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आहे. मग वजनाची मर्यादा विचारा, तुमचं ९२ आहे, शंभर किलोवालं घेऊ नका, एकशेवीसच्या वरचंच घ्या म्हणजे फ्रेम डुलत नाही. मग दहा स्ट्रोक हळू आणि दहा दणकून मारा. हँडल परत जाताना हँडलचा पट्टा मागं राहतो का बघा, म्हणजे तुम्ही पुढं पोचलात आणि पट्टा अजून लोंबतोय असं, तसं असेल तर प्रत्येक स्ट्रोकला आधी ढिला मग झटका, आणि तो झटका थेट कमरेत. दणकून मारताना मशीन फरशीवर पुढं सरकलं तर तेही नको. शेवटी कान देऊन ऐका, मॅग्नेटिकमध्ये चाकाचा आवाज नसतो म्हणून सीटच्या चाकांची खरखर जास्त कळते, चांगल्या मशीनमध्ये ती नुसती सर्र अशी असते, खडखड नसते.

घरी आणल्यावर खाली रबर टाका. जिमच्या मॅटला उगीच पैसे घालू नका, गोठ्यात जनावरांखाली टाकायची जाड रबरी मॅट मिळते ना, ती घ्या, स्लॅबमधून खाली जाणारा धक्का ती चांगला पिते. आणि रेल रोज ओल्या फडक्यानं पुसा मग कोरड्या, अर्ध्या मिनिटाचं काम, धूळ रेलवर राहिली की सीटची चाकं तिला दळत बसतात आणि मग ती खडखड सुरू होते.

गुडघ्याबद्दल एक सांगते. रोइंगमध्ये शरीराचं वजन गुडघ्यावर आदळत नाही म्हणून डॉक्टरांनी सुचवलं, ते बरोबरच आहे. पण पुढं येताना नडगी सरळ उभी झाली की थांबायचं, टाचेला कुल्ला टेकेपर्यंत घुसायचं नाही, गुडघा तिथं चिमटतो. आधी पाय ढकलायचे, मग कंबरेतून थोडं मागं, मग हात पोटाकडं. परत जाताना उलटं, आधी हात, मग अंग, मग गुडघे. ओढायला एक मोजलं तर परत यायला दोन मोजा. पहिले पंधरा दिवस नॉब तीन-चारवर, मिनिटाला वीस स्ट्रोकच्या आसपास, दहा मिनिटं, बास. श्वास कोंडून ओढायचं नाही. बीपीची गोळी चालू असेल किंवा कंबरेचा जुना काही त्रास असेल तर तुमच्या त्याच डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारा, पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही.

मॅग्नेटिकच्या मॉनिटरवरचे मीटर आणि कॅलरी कुणाशी ताडून बघू नका, प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. स्वतःचाच कालचा आकडा आणि आजचा आकडा, एकाच लेव्हलवर, एवढं वहीत लिहा.

आणि वडिलांना दत्तू भोकनळची गोष्ट सांगा. नाशिकच्या चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी गावचं पोरगं, बापासोबत विहिरी खोदायला जायचं, लष्करात गेल्यावर पहिल्यांदा वल्हं हातात धरलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याची नाव घेऊन तेरावा आला. २०१८ ला एशियन गेम्समध्ये चौघांच्या नावेत सोन्याचं मेडल. पाणी नसलेल्या गावातून गेला तो. वडील पूर्वी आडाचं पाणी ओढत असतील तर त्यांना एकदा मशीनवर बसवाच, एक लेव्हलवर, पाच मिनिटं, हँडल कसं धरायचं ते त्यांना सांगावं लागणार नाही.

जाताना पोराला सोबत न्या, तो मागून बघेल तुमचे पाय सरळ होतात का. आणि बिलावर फ्रेमची वॉरंटी किती, पट्ट्याची किती, हे वेगवेगळं लिहून घ्या, दुरुस्तीला माणूस सेलूला येणार का मशीन उचलून संभाजीनगरला न्यावं लागणार तेही त्याच बिलावर.